पडायचं कसं

हनुवटी छातीला लाव, नरसू.
कोपर सैल. दात मिटलेले, जीभ आत.
आणि जमिनीकडे बघू नको,
ती कुठं पळून जात नाही.

एवढं शिकवलं अन्नानं मला
साखर पेठेत, सुताला खळ लावायच्या अंगणात,
दिवाळीला चार दिवस घरी आला होता तेव्हा.
गुडघे माझे फुटले, शिव्या त्यानं खाल्ल्या.

सात वर्षांचा असताना तळ्याकाठी
म्हशीवरून पडला तो. चिखलातून उठला
आणि म्हशीलाच वाकून नमस्कार केला.
पुण्याच्या सिनेमा कंपनीचा माणूस बघत होता.
बापानं अंगठा दिला. महिना पंधरा रुपये,
रोज पावशेर दूध,
आणि पडद्यावर नाव मास्टर चेंडू.
राजेशम ईरय्या मेरगू
पाटीत मावत नाही म्हणाले.

गड्ड्याच्या जत्रेत तंबू लागला.
पुढं बसायला दोन आणे, पडद्यामागं एक.
आम्ही मागं. तिथून सगळं उलटं दिसायचं,
म्हणून माझ्या आठवणीत अन्ना डावखुरा आहे.
त्यानं लाडू चोरला. हवालदार धावला.
पिठाच्या पोत्यात तोंड, पाण्याच्या हौदात पाय,
मग ढुंगणावर दांडकं, एक, दोन,
तंबू नुसता खदखदत होता.
आणि आई उभी राहिली.
कोट्टकुरा! कोट्टकुरा माझ्या पोराला!
पेटीवाल्याचे हात थांबले.
मुक्या सिनेमात बोललेली ती एकटीच.
लोक अजून हसले, त्यांना वाटलं
हेही तिकिटातच आहे.
मीही हसले.
हे आईला मी कधी सांगितलं नाही.

कंपनीत बांबूची एक काठी होती म्हणे, खूण केलेली.
दर पहिल्या तारखेला पोरं तिच्याजवळ उभी करायचे.
अन्ना गुडघे किंचित वाकवायचा,
रात्रीची भाकरी कुत्र्याला टाकायचा,
तरी अकराव्या वर्षी केस खुणेच्या वर गेले.
परतीचं भाडं, एक जुनी टोपी, बस्स.
गिरणीच्या दारात डॉक्टरनं दात मोजले
आणि म्हणाला, लहान आहेस, पुढच्या वर्षी ये.
एक वर्षभर तो कुठल्याच मापात नव्हता.
नुसता भोंगा ऐकत ओट्यावर बसायचा.

मग कांड्या भरायला लागला.
संध्याकाळी घरी यायचा तो पापण्यांपर्यंत पांढरा.
आई पदरानं पुसायची, पीठ असल्यासारखं.

एकदा खात्यात तेलावरून पाय सटकला.
दोन मागांच्या मधून असा गोल गेला, असा उठला,
टोपी डोक्यावर जशीच्या तशी,
की साऱ्या खात्यानं टाळ्या वाजवल्या.
जॉबरनं चार आणे दंड लावला.
कारण लिहिलं, खेळ केला.
त्या रात्री तो फार खूश होता.

शेंगाचटणीचा घास हातात धरून
सांगायचा, हसवायचं असेल तर
पडण्याआधी वर बघायचं.
कुणी विचारलं, लागायचं का रे? तर म्हणायचा,
उठताना.

गेला तो खाटेवर, झोपेत.
एवढा पडलेला माणूस,
शेवटी कुठूनच पडला नाही.

आता मला अठ्ठ्याहत्तरावं.
परवा न्हाणीत साबणावर पाय गेला.
हनुवटी आपोआप छातीला, कोपर सैल,
कवळी काढून ठेवलेली, तरी तोंड घट्ट मिटलेलं.
एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाला,
आजी, नशीब तुमचं, एक हाड हललं नाही.
मी काही बोलले नाही. नशीब तर नशीब.

पण त्याआधी, फरशीवर बसल्या बसल्या
बादलीला मी नीट वाकून नमस्कार केला होता.
सून दारात, नातू तिच्या मागं,
दोघांचे चेहरे पांढरे.
कुणीच हसलं नाही.
जरा वाईट वाटलं.